देठाचं बूड

ओबरमाट,
रविवार, २६ ऑगस्ट १९७९

चि. योस्ट यास,
रेगुलाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मार्ग्रितने पाठवलेले लोकरीचे मोजे पोचले. ते घालूनच लिहिते आहे, कारण गावच्या बंबघरामागची ती खोली भर ऑगस्टातही थंडगार असते आणि काल चार तास तिथे बसून माझ्या पायांचा बर्फ झाला. हो, तीच खोली. बाबांची खुर्चीही तीच, फक्त एक पाय बदललाय. तुझी एकसष्ट वर्षांची बहीण कालपासून ओबरमाटची अळंबी-तपासनीस झाली आहे.

तुला आधी कळवलं नाही, कारण तू हसला असतास. परीक्षा वसंतातच दिली. टेबलावर मांडलेल्या शंभर अळंब्या ओळखायच्या, खायची कुठली आणि फेकायची कुठली ते सांगायचं. परीक्षकांनी विचारलं, निवृत्त शिक्षिकेला या वयात ही हौस कशी सुचली. मी म्हटलं, रानात फिरायला आवडतं म्हणून. शंभरातलं एकही उत्तर चुकलं नाही. खोटं बोलले ते एवढंच एक.

खरं कारण असं की आम्ब्रोस गिस्लर अजून जिवंत आहे, अजून दर शरदात टोपली घेऊन रानात जातो, आणि गावच्या रीतीप्रमाणे ती तपासून घ्यायला त्याला आता माझ्यापुढे उभं राहावं लागणार आहे.

ते वर्ष तुला पत्रांतूनच कळलं. तू बाझेलला छापखान्यात नवा लागला होतास आणि आई निम्मं लिहायची, निम्मं गिळायची. म्हणून एकदा सलग लिहून टाकते. १९४७ च्या ऑक्टोबरात आम्ब्रोसने टोपली आणली, बाबांनी तपासली आणि चिठ्ठी लिहून दिली. दुसऱ्या दिवशी तो पंचायतीच्या बैठकीला गेला आणि तिकडेच खाणावळीत जेवला. त्याची बायको आग्नेस घरी एकटी जेवली आणि पाचव्या दिवशी गेली. डॉक्टर म्हणाले, हिरवी. आपल्याकडे पोरंसुद्धा त्या जहरी अळंबीला नुसतं हिरवी म्हणतात. तेवढ्यावर पुढचं सांगावं लागत नाही. बाबा शपथेवर सांगत राहिले, की टोपलीत तपकिरी आणि पिवळ्या होत्या, हिरवी नव्हतीच. आम्ब्रोस म्हणाला, चिठ्ठी चुलीत गेली. बाबांच्या वहीत तिची कार्बन प्रत होती, पण ती वही आम्ब्रोसनेच, पंचायतीचा चिटणीस म्हणून, चौकशीसाठी नेली. ती पुन्हा कुणालाही दिसली नाही.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलंय. बाबा चर्चमध्ये आले की बाकावरचे लोक सरकून बसायचे. दूध डेअरीत त्यांची पाळी आली की सगळे गप्प. शाळेत पोरं माझ्या डब्यात डोकावून विचारायची, बाई, आज अळंबी का. तीन वर्षांत बाबा गेले. डॉक्टरांनी फुप्फुस लिहिलं, आईने नाही अशी मान हलवली.

खोलीत तपासनिसांच्या नावांची लाकडी पाटी अजून आहे. १९३१ पासून पुढची ओळ रंधा मारून काढलेली, तिथे लाकूड खोलगट झालंय. काल सगळे गेल्यावर मी त्या खळग्यावरून बोट फिरवलं. मला म्हाताऱ्याचा जीव नको, योस्ट. मला त्याच्या तोंडून, चार लोकांत, ऐकायचंय. आणि त्या खळग्यात बाबांचं नाव बघायचंय. बत्तीस वर्षं वाट पाहिली. आता खुर्ची माझी आहे.

मार्ग्रितला सांग, मोजे एक बोट मोठे आहेत, पण सूड घेणारीला चालतील.

तुझी,
रेगुलाताई


बाझेल,
३ सप्टेंबर १९७९

ती. रेगुलाताईस,
योस्टचा शि. सा. न. वि. वि.

शंभरपैकी शंभर! मला शाळेत गणितात चाळीस मिळाले तेव्हा तू आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हतीस, ते आता मान्य केलं. मार्ग्रित म्हणते, वन्संनी आमच्याकडे येऊन आमच्याही पिशवीत डोकवावं. आमच्या पिशवीत डब्यातल्या अळंब्या असतात. कारखान्यातल्या, सगळ्या एका मापाच्या. तू नाक मुरडशील.

तुझं पत्र मी दुपारच्या सुट्टीत वाचलं आणि नंतर दोन ओळींचे छपाईचे खिळे उलटे लावले. मालक म्हणाला, योस्ट, वय झालं. मी म्हटलं, वय नाही, आनंद झाला. आम्ब्रोस गिस्लर रांगेत उभा आहे आणि फुररांची लेक त्याला थांबायला सांगते आहे, हे चित्र मी रोज झोपण्यापूर्वी बघतो. त्याला पुष्कळ वेळ उभा ठेव. ती खोली थंड आहे म्हणतेस, फारच उत्तम.

फक्त एक विचारतो, रागावू नकोस. त्याला तू खोटं सांगणार नाहीस ना? चांगली अळंबी वाईट म्हणून फेकलीस आणि उद्या कुणी पडताळून पाहिली, तर तो हसेल आणि आपण गेलो. बाबा आपल्याला रानात काय सांगायचे? टोपीचा रंग बघू नकोस, देठाचं बूड बघ. आणि टोपली आणणाऱ्याचं तोंड तर मुळीच बघू नकोस. तू निदान पहिलं अर्धं पाळ.

इकडे सगळं ठीक. गुडघा दुखतो, पण तो तुझ्या आधीपासून तक्रार करतोय. तुझ्या पुढच्या पत्राकडे उपाशी माणसासारखा डोळे लावून बसलेला,

तुझा धाकटा,
योस्ट


ओबरमाट,
रविवार, २३ सप्टेंबर १९७९

चि. योस्ट यास अ. आ.

तीन शनिवार, तीन टोपल्या. सावकाश वाच, कारण मी सावकाश चाखत लिहिणार आहे.

पहिल्या शनिवारी तो आला तो थेट टेबलाशी, रांग न पाहता. मी म्हटलं, गिस्लरसाहेब, शेवट तिकडे आहे. गेला. तासभर उभा राहिला. त्याचा नंबर लागला तेव्हा मी टोपलीत पाहिलं: सगळे देठ त्याच्या त्या चांदीच्या मुठीच्या सुरीने सफाईने कापलेले. मी विचारलं, बूड कुठाय? म्हणाला, बूड जमिनीत, मी माती खात नाही. मी म्हटलं, बूड नाही तर ओळख नाही. हिरवीची पिशवी बुडाशीच असते, ती मातीत ठेवून आलात तर मी काय तपासू. आणि अख्खी टोपली बादलीत. नियमच आहे, योस्ट. एक अक्षर खोटं नाही. तो म्हणाला, चाळीस वर्षं मी असाच कापतो. मी म्हटलं, तेच तर.

दुसऱ्या शनिवारी मुळासकट आणल्या. सुरेख जाड देठाच्या तपकिरी, मला स्वतःला तोंडाला पाणी सुटलं. मग मी एकेक मधोमध चिरली आणि आतले किडे त्याच्या नाकासमोर धरले. त्याला आता मोतीबिंदू आहे, जवळ आणावं लागतं. प्रत्येक किडा जवळ नेऊन दाखवला. रांगेतल्या बायका तोंडाला रुमाल लावून हसत होत्या.

काल तिसरा. काल माल चांगला होता, सहाशे ग्रॅम पास केलं, चिठ्ठी लिहायला घेतली. तेव्हा तो मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, की मास्तरीणबाई, नीट उघड्या डोळ्यांनी लिहा, बापासारखं झोपेत नको. रांगेत नऊ माणसं होती. कुणी हसलं नाही, पण कुणी काही बोललंही नाही. चिठ्ठी दिली. घरी येऊन आईची निळी कपबशी फोडली.

जीव नको असं मी लिहिलं होतं, ते आता मागे घेते, कारण पुढचं ऐक.

आज सकाळी चर्चहून येताना मी त्याच्या घरावरून आले. कुंपणाची मेंदी यंदा कापलेली नाही, पण एके ठिकाणी फट आहे. आत गवतावर पांढऱ्या अळंब्या, खाली गुलाबी पापुद्रे असलेल्या, खायच्या, आपण लहानपणी वेचायचो त्या. आणि पाच पावलांवर त्या जुन्या ओकखाली हिरव्या. मोजल्या, अकरा. त्यातल्या कोवळ्या इतक्या फिकट, की दुरून पांढऱ्याच वाटाव्यात. पापुद्रे मात्र शुभ्र, ते फटीतूनही दिसत होते. तेवढ्यात आम्ब्रोस बाहेर आला, ॲप्रन बांधून, सुरी घेऊन. गवतातल्या तीन कापून ॲप्रनमध्ये टाकल्या आणि ओककडे वळला. मग त्याच्या दुसऱ्या बायकोने, ओटिलियाने, सूप निवतंय म्हणून हाक मारली आणि तो आत गेला.

मी तिथेच उभी राहिले. योस्ट, हा माणूस रानातली अळंबी तपासून घेतो आणि बागेतली तशीच पातेल्यात टाकतो. स्वतःच्या बागेतली कोण तपासतं? १९४७ लाही ओक तिथेच होता. माझ्या डोक्यात लख्ख पडलं. बाबांनी तपासलेल्या टोपलीत हिरवी नव्हतीच. ती नंतर, घरी, त्याच्याच हाताने पडली.

सात ऑक्टोबरला, रविवारी दुपारी, तो दरवर्षीप्रमाणे जुन्या पंचांना अळंबीचं जेवण देणार आहे. सहा पाहुणे. त्यातल्या चौघांनी बाबांचं नाव खरवडायला हात वर केले होते. ओटिलिया बिचारी अळंबीला शिवतही नाही. म्हणजे मला काहीच करायचं नाही. फक्त मी कुंपणाच्या फटीतून पाहिलं नाही, एवढंच. ज्या थोड्यांना ती बाधूनही वाचता आलं ते सांगतात, चव उत्तम असते.

आज जास्त लिहवत नाही. देवळात जाऊन आलेल्या बाईने हे लिहावं का, ते तूच ठरव.

ताई


बाझेल,
२६ सप्टेंबर १९७९
(जलद टपालाने)

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून मला काय वाटलं ते खरं सांगतो: बरं वाटलं. सात माणसं एका टेबलाशी बसली आहेत आणि चमचे वाजताहेत, हे मी डोळ्यांपुढे आणलं आणि मला बरं वाटलं. मार्ग्रितने विचारलं, कुणाचं पत्र, इतका का लाल झालायस. मी तिला दाखवलं नाही. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पहिल्यांदाच.

तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा घाम फुटला. ताई, विचार कर. तो आणि त्याचे सहा पाहुणे मेले, तर गाव काय म्हणेल? टोपली कुणी तपासली? फुररने. आधी बाप, मग लेक. ओटिलिया तुझी चिठ्ठी घेऊन पंचायतीत उभी राहील, आणि या वेळी चिठ्ठी हरवणार नाही. बाबा पुन्हा एकदा दोषी ठरतील आणि तेही कायमचे. आम्ब्रोस मरूनसुद्धा जिंकेल. मेलेल्या माणसाकडून कबुली मिळत नाही. तुला सूड हवा असेल तर त्याला जिवंत ठेव, धडधाकट ठेव, त्याला खोकलासुद्धा होऊ देऊ नकोस.

आणि एक गोष्ट, जी बाबांनी कुणाला सांगू नको म्हटलं होतं. १९४९ च्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर ओढ्याकाठी फिरत होतो. डेअरीवाल्या टोनीचा बाप समोरून टोपली घेऊन आला. बाबांनी वरवर पाहिलं, एक शब्द न बोलता टोपली ओढून घेतली आणि पाण्यात उलटी केली. त्याने बाबांना चिखलात ढकललं आणि ओरडला, की एकीला मारलंस ते पुरलं नाही का. बाबा उठले, कोट झटकला, मला म्हणाले, आज एक घर जेवणातून वाचलं, आईला चिखलाचं काहीतरी दुसरं कारण सांग. त्यांच्या अंगावर तेव्हा तपासनिसाचा बिल्ला नव्हता, ताई. तुझ्या अंगावर आहे.

मी क्षमा कर म्हणत नाही. माझी स्वतःची तयारी नाही. मी म्हणतो, त्याला पकड. तू हुशार आहेस, शंभरपैकी शंभरवाली. उत्तराची वाट पाहत नाही, तार कर.

योस्ट


ओबरमाट,
सोमवार, ८ ऑक्टोबर १९७९

चि. योस्ट यास अनेक आशीर्वाद, आणि या वेळी खरोखर मनापासून.

तारेत फक्त 'जिवंत ठेवते' एवढंच लिहिलं होतं, कारण टपालातली लीना अक्षरं मोजताना वाचतेही. आता सगळं लिहिते.

शनिवारी आम्ब्रोस आला. नऊशे ग्रॅम: तपकिरी, ज्यांच्या टोपीखाली स्पंज असतो त्या, आणि पिवळ्या, ज्यांच्याखाली नुसत्या जाड सुरकुत्या असतात. एकही वाईट नाही. मी विचारलं, मोठ्याने, मागच्या दोन बायकांना साक्षी ठेवून: गिस्लरसाहेब, उद्याच्या जेवणात याशिवाय आणखी काही घालणार असाल, बागेतलं वगैरे, तर तेही आणा, मी उशिरापर्यंत बसते. तुमच्या ओकखाली मला हिरव्या दिसल्यात. तो म्हणाला, माझ्या बागेत काय उगवतं ते मला फुररांच्या घरातून शिकायचं नाही. मी म्हटलं, बरं. चिठ्ठी लिहिली. या वेळी कार्बन एक नाही, कार्बनवर कार्बन घालून, सात प्रती.

रविवारी प्रार्थना संपल्यावर मी चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहिले. ज्या पायऱ्यांवर बाबांना पाहून लोक दुसऱ्या बाजूने उतरायचे, त्याच. सहाही पाहुण्यांच्या हातात एकेक प्रत दिली. म्हटलं, आज तुमच्या ताटात जे येणार त्यातलं मी जे तपासलं ते हे. तपकिरी आणि पिवळी. खाली पुस्तकासारखे पातळ पापुद्रे असलेली एकही नाही. ताटात पापुद्रे दिसले, तर ते माझं नव्हे. म्हातारे हसले. शाळेचे जुने गुरुजी म्हणाले, रेगुला, आता काय जेवणाचीही हजेरी घेणार. डेअरीवाला टोनी, आता बापाच्या जागी या पंगतीला जाणारा, तो हसला नाही. चिठ्ठी घडी करून वरच्या खिशात ठेवली. आम्ब्रोसने सगळं पाहिलं आणि पायऱ्यांवर थुंकला. ओटिलियाने त्याला कोपराने ढोसलं.

मी घरी येऊन कोट न काढता फोनशेजारी बसले. माझ्या हातात बाबांचा वाकडा सुरा होता. न वाजला तर धावत जायचं आणि पातेलं उलटं करायचं, मग चिखलात पडायला लागलं तरी चालेल, असं ठरवलं होतं. साडेबाराला वाजला. टोनी. म्हणाला, ताई, सूप झालं, आता मधलं पातेलं आलंय, क्रीममधली अळंबी. माझ्या काट्यावर पांढरी फोड आहे आणि तिला पापुद्रे आहेत. कुणी चमचा लावलेला नाही. मी सगळ्यांचे हात धरून ठेवलेत, पण म्हातारा शिव्या देतोय.

मी पाच मिनिटांत पोचले. या वयात धावले, सांगते तुला. आम्ब्रोस टेबलाच्या टोकाशी उभा, तोंड टोमॅटोसारखं. म्हणाला, हा अपमान आहे, ही माझ्या घरात कुणी बोलावली. मी त्याच्याकडे पाहिलंही नाही, सरळ बागेत गेले. ओकखाली अकराच्या आता सातच होत्या. चार ठिकाणी कापलेले बुंधे मातीत तसेच, चांदीच्या सुरीने, सफाईने. एक बाबांच्या सुऱ्याने खणून काढला, मातीसकट, आणि आत येऊन पाहुण्यांच्या मधोमध टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर ठेवला. बुडाला ती पिशवी, फाटलेल्या अंड्यासारखी. गुरुजींनी चष्मा लावला, वाकून पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवली.

आम्ब्रोस ओरडला, की मूर्खपणा आहे. ही माझ्या बागेतली आहे. मी हे घर घेतलं तेव्हापासून दरवर्षी मूठभर घालतो, रानातली कधी पुरते का सगळ्यांना? स्वतःच्या बागेतली कोण तपासून घेतं? तेव्हासुद्धा घालायचो, आग्नेस तर मुद्दाम म्हणायची, की बागेतली घाल, बागेतली गोड असते—

आणि तिथे थांबला.

योस्ट, मी बत्तीस वर्षं या वाक्याची वाट पाहिली आणि ते असं, आपल्या पायांनी चालत आलं. मग टोनीने खिशातली चिठ्ठी काढून त्याच्या ताटाशेजारी ठेवली. मग गुरुजींनी. एकेक करून सहाही. आम्ब्रोस त्या चिठ्ठ्यांकडे बघत राहिला. ओटिलियाने हळूच विचारलं, तू स्वयंपाक करताना चाखलीस का रे. त्याने दोन बोटं दाखवली. दोन चमचे.

मी ताबडतोब इस्पितळाला फोन केला, तो खणलेला बुंधा डब्यात घातला आणि त्याच्याबरोबर गाडीत बसले. मरायची त्याला परवानगी नव्हती. डॉक्टर म्हणतात, लगेच आणलंत म्हणून, बहुतेक वाचेल. रस्ताभर तो खिडकीबाहेर बघत होता. आज सकाळी मी डेअरीत गेले आणि सगळे गप्प झाले. पण ही शांतता वेगळी होती. टोनीने माझ्या बरणीत दूध काठोकाठ ओतलं आणि बाबांचं नाव घेतलं.

घरी आल्यावर मोजे काढून झोपले ती दहा तास.

तुझी,
ताई


बाझेल,
११ ऑक्टोबर १९७९

ती. ताईस सा. न. वि. वि.

मार्ग्रितला आता सगळं वाचून दाखवलं. ती रडली आणि मग तिने कपाटातली चेरीची दारू काढली, जी फक्त बारशाला निघते. मी छापखान्यात सगळ्यांना सांगितलं. मालक म्हणाला, हवं तर एक पत्रक छापून देतो, फुकट. मी मजकूरही जुळवलाय, मोठ्या ठळक अक्षरांत: आम्ब्रोस गिस्लरने आपल्या तोंडाने काय सांगितलं ते. ओबरमाटच्या प्रत्येक दारावर लावू. तू फक्त हो म्हण.

वाचला का तो? वाचायलाच हवा. वाचून त्याने रोज सकाळी ते आठवायला हवं. बाबांना तीन वर्षं मिळाली, याला निदान दहा मिळोत. माझ्यात इतकं विष आहे हे मला माहीत नव्हतं, ताई. पण आहे, आणि आज ते गोड लागतंय. लवकर लिही.

योस्ट


ओबरमाट,
रविवार, ४ नोव्हेंबर १९७९

चि. योस्ट यास अ. आ.

पत्रक छापू नकोस. कारण शेवटी सांगते.

तो वाचला. नऊ दिवस इस्पितळात होता, आला तो अर्धा होऊन. आल्या आल्या त्याने पंचायतीला दोन ओळींचं पत्र लिहिलं, की १९४७ ची चूक माझी होती, मेल्खिओर फुरर यांचं नाव पाटीवर परत लिहावं. गुरुवारी, सर्व संतांच्या दिवशी, रंगाऱ्याने लिहिलं. त्या खळग्यातच लिहायला सांगितलं मी, लाकूड सपाट करू नको म्हटलं. अर्धं गाव बघायला आलं होतं. पुढच्या महिन्यात ये, मी तुला दाखवते. अक्षरांत तू दोष काढशीलच.

काल हंगामाचा शेवटचा शनिवार होता. पाऊस होता, कुणी आलं नाही. बंद करायच्या वेळेला आम्ब्रोस आला, रिकामी टोपली घेऊन. समोरच्या बाकावर बसला. मग म्हणाला, रेगुला, मी खोटं बोललो नव्हतो. मला खरंच वाटत होतं, की तुझ्या बापाने मारली तिला. बत्तीस वर्षं तेच वाटत होतं, म्हणून उभा राहू शकलो. माझ्याच हाताने गेली, हे त्या जेवणाच्या दिवशी बोलता बोलता कळलं.

मी वहीबद्दल विचारलं. म्हणाला, आग्नेसला पुरून आलो त्या संध्याकाळी तुझ्या बापाची वही चुलीत घातली. उघडलीसुद्धा नाही. त्याचं अक्षर बघवत नव्हतं.

मग तो ज्यासाठी आला होता ते विचारलं. हिरवी एखादी, एखादीच, तुझ्या बापाने तपासलेल्या टोपलीतही असेल का? नजरचुकीने? मी बागेतली घातली खरी, पण तिच्या वाट्याला नेमकी माझीच आली असं तर नाही ना? तेवढं सांग. तू तपासनीस आहेस.

परीक्षेत आम्हाला पहिला धडा शिकवतात, योस्ट: जे पाहिलं नाही त्यावर निकाल द्यायचा नाही. खरं उत्तर होतं, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. ज्या वहीत ते होतं ती त्यानेच जाळली. बाबाही माणूसच होते. मला माहीत नाही, एवढं म्हटलं असतं तर म्हाताऱ्याला धरायला एक काडी मिळाली असती, आणि ते खोटंही नव्हतं.

मी म्हटलं, नाही. माझ्या वडिलांनी तपासलेल्या टोपलीत हिरवी नव्हती. सगळ्या तुमच्याच होत्या.

तो म्हणाला, लिहून दे. मी लिहून दिलं. तारीख, १९४७, तपकिरी आणि पिवळ्या, हिरवी एकही नाही, आणि खाली माझी सही. त्याने चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून वाचली, घडी घालून पाकिटात ठेवली, आणि आभारी आहे म्हणाला. सगळे टोपलीवाले म्हणतात तसंच, सवयीने. टोपली विसरून गेला.

मला पश्चात्ताप नाही, हे नीट वाच. पुन्हा विचारलं तरी मी नाहीच म्हणेन. पण पत्रक छापू नकोस, दारांवर लावायला आता काही उरलेलं नाही. रात्रभर मला ते आभारी आहे ऐकू येत होतं.

त्या चिठ्ठीची कार्बन प्रत माझ्या वहीत राहिली आहे. न पाहिलेल्या अळंबीवर दिलेला माझा एकुलता एक निकाल. सकाळी ते पान फाडायला गेले होते, पण पानांवर छापील आकडे आहेत. एक जरी गेलं तरी कळतं.

मार्ग्रितला आशीर्वाद. माया आहे तेवढी राहू दे, जास्त मागत नाही.

तुझी,
रेगुलाताई